पाहुण्यांच्या सोबतीने पाहिलेले लंडन

परदेशात नोकरीनिमित्त जाऊन राहिलेला मनुष्य त्या शहरात राहतो खरा, परंतु तो ते शहर पाहतोच असे नाही. पहिले काही महिने त्याचे आणि शहराचे नाते भाडेकरू व घरमालक यांच्या नात्यासारखे असते. ठरल्या वेळी निघावे, ठरल्या गाडीने जावे, ठरल्या दुकानातून पीठ-मीठ आणावे आणि रात्री खिडकी लावून घ्यावी, एवढाच त्यांचा व्यवहार. शहराच्या अंतरंगात शिरण्याचे धारिष्ट त्याला होत नाही आणि खरे म्हणजे तशी निकडही भासत नाही. ही निकड उत्पन्न करतात ते पाहुणे. घरी पाहुणे आले म्हणजे यजमानाला त्या शहराचे यजमानपद आपोआप पत्करावे लागते. आणि जे आपण स्वतः धड पाहिलेले नाही, ते दुसऱ्यास दाखविण्याची जबाबदारी अंगावर येते. गेल्या सप्टेंबर महिन्यात लंडन शहरी माझ्यावर अशी जबाबदारी दोन दिवसांपुरती आली. श्रोतेहो, त्या शनिवार-रविवारी आम्ही काय पाहिले आणि का पाहिले, हे आज आपणास सांगावयाचे आहे.

प्रथम आमच्या गावाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण मनुष्य परके शहर पाहतो ते आपल्या गावाच्या डोळ्यांनीच. आमचे गाव बाजारहत्नूर. आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव मंडलाचे ठिकाण असले तरी नकाशात शोधावे लागेल एवढेच आहे. पुढे कुंतलाच्या धबधब्यावरून उडी घेऊन गोदावरीला मिळणारी कडम नदी आमच्याच परिसरात उगम पावते. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचे, जोडीला सोयाबीन, तूर आणि ज्वारी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा याच जिल्ह्यातील किनवटचा भाग त्या वेळच्या मुंबई राज्यात गेला आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ पासून आम्ही तेलंगणात आहोत. सीमा हलल्या, माणसे जागीच राहिली. त्यामुळे आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी उर्दू आणि डोंगराकडून येणाऱ्या मंडळींच्या तोंडी गोंडी व बंजारा बोली, असा रोजचा परिपाठ आहे. चार भाषांत भाव करता येणे ही आमच्याकडे विद्वत्ता मानली जात नाही. ती भाजी घेण्याची साधी पात्रता होय.

पाहुणे तिघे होते. एक माझे वर्गबंधू. घरची शेती असल्याने गावात त्यांना सर्वजण पाटील म्हणतात, तेव्हा मीही येथे तसेच म्हणतो. दुसरे आमचे गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, जातीने गोंड आणि वृत्तीने आजन्म विद्यार्थी. तिसरी पाटलांची कन्या. तिला लंडनच्या एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि तिला पोहोचविण्यासाठी हे दोघे आले होते. गुरुजींनी त्या मुलीला पहिली अक्षरे गिरवावयास लावली होती; हैदराबादेस नोकरीत असलेल्या त्यांच्या मुलाने तिकीट काढून दिले, आणि पाटलांनी त्यांना आग्रहाने बरोबर घेतले.

शुक्रवारी रात्री जेवणे आटोपल्यावर मी कागदावर लिहून ठेवलेली यादी वाचावयास घेतली. राजवाडा, संसदभवन, मेणाचे पुतळे, टेम्सकाठचे प्रचंड चक्र, अशी तिची सुरुवात होती. पाटलांनी ती निमूटपणे ऐकली आणि म्हणाले, "अरे, राजवाड्यात माझी पोर राहणार नाही. चार एकर जमीन गहाण टाकून मी तिला इथे आणली. हैदराबादच्या दलालानं मला छापील चोपडी दाखवली, भाड्याचा आकडा तिच्यात अर्धाच होता. आता मला चोपडीतलं नको. ती ज्या गाडीत बसणार ती गाडी दाखव, ती जिथं खाणार ते दुकान दाखव, आजारी पडली तर कुणाच्या दारी जायचं ते दाखव. दोन दिवसांनी मी विमानात बसणार. बसू की तिला परत घेऊन जाऊ, ते मला तोवर ठरवायचं आहे."

मुलगी खाली मान घालून भांडी आवरीत होती. ती काही बोलली नाही. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. दोन दिवसांच्या सहलीला एकाएकी परीक्षेचे स्वरूप आले होते. मात्र परीक्षा मुलीची नव्हे, शहराची होती.

शनिवारी सकाळी आम्ही बसने निघालो. लंडनची भुयारी रेल्वे जगातील सर्वांत जुनी. १८६३ च्या जानेवारीत तिचा पहिला मार्ग सुरू झाला. ती वेगवान आहे, पण तिच्यातून शहर दिसत नाही, आणि बसपेक्षा ती महागही आहे. उलट दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर जागा मिळाली तर पावणेदोन पौंडांत सारे शहर समोरून सरकत जात असे. त्या वेळी तेवढ्याच पैशांत तासाभरात दुसरी बसही धरता येत असे. पूर्ण वेळ शिकणाऱ्यांना प्रवासाच्या मुदतीच्या पासावर सवलत मिळते, हेही मी सांगितले. पाटलांनी खिशातून वही काढून ते टिपून घेतले.

बसमध्ये आमच्या मागे दोन बायका मोठ्याने बोलत होत्या. त्यांची भाषा इंग्रजी नव्हती, हिंदी नव्हती, आम्हांस ठाऊक असलेली कोणतीच नव्हती. पुढे एक शीख वृद्ध नातवाला पंजाबीत दटावीत होता. चालकाने एका म्हाताऱ्या बाईसाठी बस फूटपाथच्या बाजूला झुकवून उभी केली आणि ती चढेपर्यंत कोणी आरडाओरड केली नाही. गुरुजी हे सर्व न्याहाळीत होते. ते म्हणाले, "मला वाटलं होतं, इथे सारे इंग्रजच असतील. हा तर आपला आठवडी बाजार आहे." मला ते फार मार्मिक वाटले. ज्या गावात सर्वांची एकच भाषा असते, तेथील माणसाला लंडन गोंधळाचे वाटेल. बाजारहत्नूरच्या माणसाला, न समजणारी भाषा बोलणारा शेजारी ही जन्मापासूनची गोष्ट आहे. सीमेवर राहण्याचे तोटे पुष्कळ आहेत. पण हा एक लाभ आम्ही आपल्या नकळत पदरात बांधून नेला होता.

ब्लूम्सबरी हा लंडनचा विद्येचा मोहल्ला. तेथे रसेल स्क्वेअर नावाची एक झाडांची चौकोनी बाग आहे. तिच्या एका अंगाला पौर्वात्य व आफ्रिकी विद्यांची शाळा आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या आवारात तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांचा पुतळा आहे. शनिवार असल्यामुळे फारशी वर्दळ नव्हती. तेथे जाण्याचा हट्ट गुरुजींचा होता, आणि त्याचे कारण आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडले. जंगल आणि जमीन यांवरील गोंडांच्या हक्कासाठी त्यांनी बंड उभारले होते. त्यानंतर निजाम सरकारला गोंडांची स्थिती जाणून घेण्याची गरज भासली आणि ते काम ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. हे मूळचे व्हिएन्नाचे, जन्म १९०९ चा. युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांच्यापाशी जर्मन पारपत्र असल्यामुळे इंग्रज सरकारच्या लेखी ते शत्रुपक्षाचे ठरले आणि हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत त्यांना राहावे लागले. त्या सक्तीच्या मुक्कामाचे त्यांनी सोने केले. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलावाई या गोंड खेड्यात झोपडी बांधून राहिले. तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, गोंडी वाचनमाला देवनागरी लिपीत छापली गेली, आणि अनेक गोंड कुटुंबांच्या नावे जमिनीचे पट्टे झाले. पुढे ते लंडनला या संस्थेत प्राध्यापक झाले व १९७६ पर्यंत येथे होते. १९८७ साली बेटीबाई वारल्या, तेव्हा त्यांना मारलावाईलाच पुरण्यात आले. प्राध्यापक महाशय १९९५ साली लंडनमध्ये निवर्तले. पुढे त्यांच्या अस्थीही तेथेच आणल्या गेल्या. दर जानेवारीत गोंड बांधव त्या समाधीपाशी जमतात.

गुरुजींचे वडील मारलावाईच्या त्या केंद्रात अक्षरे शिकले होते. गुरुजी म्हणाले, "माझ्या बापाच्या हाती पाटी दिली तो माणूस इथून पुढे कुठल्या खोलीत बसत होता, एवढंच मला बघायचं होतं." खोली कोणती ते आम्हांस कळण्याजोगे नव्हते. परंतु या संस्थेने हायमेनडॉर्फ यांनी टिपलेली हजारो छायाचित्रे संगणकजालावर सर्वांना खुली केली आहेत. आम्ही बागेतल्या बाकावर बसलो आणि पाटलांच्या मुलीने आपल्या लहानशा संगणकावर ती एकामागून एक उघडली. दिवाळीच्या सुमारास निघणारी दंडारी, मोरपिसांचे उंच मुकुट घातलेले गुसाडी नर्तक, धान्य पाखडणाऱ्या बायका, चावडीपुढे उकिडवे बसलेले म्हातारे. गुरुजी कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग एका चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हा घागरा आमच्याकडे आता कुणाला करता येत नाही." आणि थोड्या वेळाने, "या माणसांना नावानं ओळखणारे आता कितीसे उरले? बाळ, तू इथे राहशील तेव्हा ही चित्रं नीट उतरवून मला पाठव. मी गावोगाव घेऊन जाईन. कुणाचा आजा, कुणाची आजी, जेवढं कळेल तेवढं लिहून ठेवीन."

त्या क्षणी मला एक गोष्ट जाणवली. २०२१ साली मारलावाईच्याच कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी पद्मश्री मिळाली आणि साऱ्या देशाने ते नृत्य पाहिले. २०२४ साली ते निवर्तले. अशी माणसे एकेक करून जात आहेत. चित्रे लंडनला राहतील, परंतु चित्रातल्या माणसाचे नाव मात्र आदिलाबादच्या डोंगरातच सापडेल, आणि तेही लवकर विचारले तर. पाटलांच्या मुलीने मान हलविली. परदेशात येऊन तिच्यावर सोपविले गेलेले ते पहिले काम, आणि ते गावाकडचेच होते.

तेथून ब्रिटिश म्युझियम दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. १७५९ पासून हे वस्तुसंग्रहालय लोकांसाठी खुले आहे आणि आत जाण्यास तिकीट नाही, हे ऐकून पाटलांचा चेहरा प्रथमच खुलला. सारे संग्रहालय पाहावयास आठवडा लागेल. आम्ही एकच दालन निवडले, अमरावतीच्या शिल्पांचे. कृष्णेच्या काठचा तो बौद्ध स्तूप, त्याचे पांढरट चुनखडीचे दगड इंग्रज अंमलदारांनी खणून काढले, त्यांतील बरेच जहाजाने येथे आणले आणि १८८० साली ते या संग्रहालयात आले. काचेच्या भिंतीमागे कमळे, हत्ती, बोधिवृक्ष आणि हात जोडून उभी राहिलेली माणसे आहेत. पाटील म्हणाले, "आपलं एवढं सगळं इथे आहे, तर मग पोरीला परकं काय वाटेल?" गुरुजी हलकेच म्हणाले, "पाटील, आपलं आहे खरं, पण काचेच्या आत आहे." दोघांचेही म्हणणे खरे होते. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्यातच परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांना वर्षे काढावी लागतात.

दुपारी आम्ही चॉक फार्मच्या बाजूला किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरापाशी गेलो. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. घर नेटके आहे, शेजारच्या घरांसारखेच. आत शिरण्यापूर्वी मी पाटलांना त्या वर्षांची हकीकत सांगितली. १९१६ साली बाबासाहेब प्रथम लंडनला शिकावयास आले. परंतु बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी स्नेह्याने कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९२० साली ते पुन्हा येथे आले. अपुऱ्या न्याहारीवर दिवस काढून ते ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचीत बसत, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधाला येथील डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

पाटलांनी हे सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "ते कर्ज फिटलं का?" प्रश्न कर्जदाराचा होता, आणि म्हणून त्याला हसण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. गुरुजींनी उत्तर दिले, "पाटील, भथेनांचा हिशेब मला ठाऊक नाही. पण त्या माणसानं साऱ्या देशाला जे दिलं, त्याचं व्याज आपण अजून खातो आहोत. माझ्यासारखा गोंडाचा पोर मास्तर झाला, तो त्याच व्याजावर." पाटील यावर काही बोलले नाहीत. मुलगी मात्र दारावरील पाटी पुन्हा पुन्हा वाचीत होती.

संध्याकाळ आम्ही पोटाच्या चिंतेला दिली. वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर गुजराती दुकानदारांची रांग आहे. तेथे मेथीची जुडी, कढीपत्ता, तूरडाळ सर्व काही मिळते, आणि ज्याची पाटलांना खरी काळजी होती ते ज्वारीचे पीठही मिळते; फक्त पुडीवर ते 'जुवार' या नावाने शोधावे लागते. तेलुगू पद्धतीचे मसाले हवे असतील तर पूर्व लंडनमधील ईस्ट हॅम गाठावे. डॉलिस हिल भागात महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या या मंडळात गणपती बसतो, मराठी नाटके होतात. ती जागाही मुलीला दाखवून ठेवली. येथील वैद्यकीय व्यवस्थेचाही खुलासा केला: परवान्याबरोबरच आरोग्यसेवेचा आकार भरलेला असतो, म्हणून राहत्या जागेजवळच्या डॉक्टरकडे पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवावे, साध्या विचारपूशीसाठी १११ आणि जिवावर बेतले तर ९९९ हा क्रमांक फिरवावा. शिकत असताना सत्राच्या काळात आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. त्यापेक्षा अधिक केल्यास परवाना धोक्यात येतो. पाटलांच्या वहीची तीन पाने भरली.

रविवारी आम्ही नदी पाहिली. टॉवर ब्रिज हा १८९४ साली खुला झालेला पूल. त्याच्या शेजारच्या जुन्या किल्ल्यात राजघराण्याची रत्ने ठेवलेली आहेत. गोवळकोंड्याच्या प्रदेशातून निघाला असे परंपरा सांगते तो कोहिनूर हिरा १८४९ साली पंजाबच्या बालराजाकडून इंग्रजांकडे गेला आणि आज याच किल्ल्यात आहे. पाटलांनी तिकिटाचा आकडा रुपयांत मांडला. चौघांचे मिळून दोन क्विंटल कापूस खर्ची पडत होता. ते म्हणाले, "हिरा आपला, किल्ला त्यांचा आणि तिकीट पुन्हा आपण काढायचं? बाहेरूनच रामराम." आम्ही बाहेरूनच रामराम केला आणि ग्रिनिचला जाणाऱ्या बोटीत बसलो.

बोटीत गुरुजींच्या ध्यानात एक गोष्ट आली. काठावरील भिंतींवर माणसाच्या डोक्याच्याही पुष्कळ वर ओल दिसत होती. टेम्स येथे समुद्राच्या भरती-ओहोटीने चढते-उतरते. लंडन ब्रिजपाशी हा फरक सात मीटरपर्यंत जातो. दिवसातून दोनदा नदीचे पाणी उलट्या दिशेने वाहते. डोंगरातून निघून एकाच दिशेने जाणारी कडम पाहिलेल्या गुरुजींना हे अपूर्व वाटले. याच नदीची १८५८ साली एवढी दुर्गंधी सुटली होती की संसदेचे काम चालेना. त्यानंतर बॅझलजेट नावाच्या अभियंत्याने शहराखालून मोठी गटारे बांधली. तरीही १९५७ साली शास्त्रज्ञांनी तिचे काही भाग मृतवत ठरविले होते. आज तिच्यात पुन्हा मासे आहेत, मुखाकडे सीलही दिसतात. मेलेली नदी माणसाने मनावर घेतले तर जिवंत होते, ही गोष्ट आपल्याकडील नद्यांच्या काठी राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ग्रिनिचच्या टेकडीवर १६७५ साली स्थापन झालेली वेधशाळा आहे. १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेने तेथून जाणारी रेषा रेखांशांची शून्य रेषा ठरविली. आत जाण्यास तिकीट आहे, पण तटाबाहेरच्या वाटेवरही ती रेषा आखलेली आहे. तिच्यावर दोन्हीकडे एकेक पाय ठेवून उभे राहावयास काही पडत नाही. उपग्रहांनी मोजलेली आजची शून्य रेषा तेथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे, हे कळल्यावर गुरुजी तितकी पावले मोजून तिकडेही जाऊन आले. बरोबर एक वाजता वेधशाळेच्या शिखरावरील तांबडा गोळा खाली घसरला. नदीतील जहाजांना आपली घड्याळे लावता यावीत म्हणून १८३३ पासून ही योजना आहे.

त्या रेषेवर उभे राहून बापलेकींनी एक महत्त्वाचा हिशेब केला. सप्टेंबरात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी तेथील घड्याळे तासभर मागे घेतात आणि मग अंतर साडेपाच तासांचे होते. मुलीचे वर्ग संध्याकाळी पाचला सुटले तर गावी साडेनऊ वाजलेले असणार. वेचणीच्या हंगामात पहाटे रानात जाणारी आई तोवर निजलेली. म्हणून मुलीने सकाळी सातला बोलावे. तेव्हा गावी साडेअकरा, आणि घड्याळे बदलल्यावर साडेबारा, म्हणजे बांधावर भाकरी सोडण्याची वेळ. "म्हणजे तुझ्या न्याहारीला आणि तिच्या भाकरीला एकच वेळ," पाटील म्हणाले. जगाचा काळ मोजण्यासाठी आखलेल्या रेषेचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

परतताना आम्ही नदीखालच्या बोगद्यातून गेलो. गोदीत काम करणाऱ्या मजुरांना पायी पलीकडे जाता यावे म्हणून १९०२ साली बांधलेला हा बोगदा सुमारे ३७० मीटर लांब आहे. पांढऱ्या फरशांनी मढविलेला, अरुंद आणि गार. डोक्यावरून नदी आणि तिच्यावरून जहाजे जात आहेत, या कल्पनेने आम्ही सर्वच जरा भरभर चाललो. पलीकडच्या काठावर वर आलो, तेव्हा पाटील थांबले आणि मुलीला म्हणाले, "आता काका पुढे चालणार नाहीत. तू आम्हाला तुझ्या खोलीवर ने. वाट चुकलीस तरी कुणी सांगणार नाही."

मुलीने नकाशा पाहिला. चालक नसलेली गाडी आली. तिच्यात सर्वांत पुढच्या बाकावर बसून पाटील रुळांकडे टक लावून पाहत होते आणि ही हाकतो कोण, असे त्यांनी मला दोनदा विचारले. बँक नावाच्या स्थानकावर उतरलो. जमिनीखाली तेथे वाटांचे जाळे आहे. वर्षानुवर्षे राहिलेली माणसेही तेथे चुकतात. मुलगी एका बोळात शिरली, पन्नास पावलांवर थांबली, पाटी वाचली आणि "बाबा, इकडून नाही" म्हणून परत फिरली. तिने एका गणवेशधारी बाईला विचारले, मान हलविली आणि पुढे झाली. आम्ही तिघे मागून चाललो होतो. तासाभराने तिने आपल्या खोलीचे कुलूप उघडले. खोली लहान, खिडकीतून विटांची भिंत दिसणारी. परंतु टेबल, दिवा आणि पुस्तकांची फळी होती. पाटलांनी खिडकी उघडून लावून पाहिली, दाराची कडी ओढून पाहिली. मग म्हणाले, "जमिनीचं मी बघतो. तू फक्त चुकलीस तर आजच्यासारखी थांबत जा आणि पाटी वाचत जा." गुरुजींनी फळीवर ज्वारीच्या पिठाची पुडी ठेवली.

श्रोतेहो, आपल्या खेड्यापाड्यांतून आता पुष्कळ मुले-मुली परदेशी जातात. कित्येकांचे आईबाप जमिनी, दागिने गहाण ठेवतात आणि ते शहर कधी पाहतही नाहीत. सर्वांना पाटलांसारखे जाता येणार नाही, हे उघड आहे. परंतु तेथे आधीपासून राहणाऱ्या आपल्या माणसांना एवढे खचितच करता येईल की, नव्याने आलेल्या मुलाला किंवा मुलीला एक शनिवार-रविवार द्यावा. त्याला झगमगाट दाखवू नये. बस, डॉक्टर, पिठाचे दुकान, फुकटचे ग्रंथालय आणि आपल्या आधी तेथे कष्टाने शिकून गेलेल्या माणसाचे घर दाखवावे. आणि शेवटी त्याला पुढे घालून आपण मागून चालावे.

यात उपकार केवळ पाहुण्यांवर होतो असे समजण्याचे कारण नाही. त्या दोन दिवसांत मी जेवढे लंडन पाहिले, तेवढे आधीच्या चार महिन्यांत पाहिले नव्हते. ज्या बागेवरून मी रोज घाईने जात असे, तिच्या कडेला माझ्या जिल्ह्यातील माणसांची चित्रे जपून ठेवलेली आहेत, हे मला गुरुजींमुळे कळले. आता त्यांतील काही गावी पोहोचली आहेत. गुरुजी ती पिशवीत घालून डोंगरातील गुड्यांवर जातात, म्हाताऱ्यांपुढे मांडतात आणि जे नाव कळेल ते चित्रामागे पेन्सिलीने लिहितात.